क्वार्टरबॅक आणि संघाचे यश

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईच्या जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू प्रथम ज्याच्या हाती येतो आणि तो फेकायचा, सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचे, हे ज्याला ठरवावे लागते, तो खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक होय. चेंडू फेकण्यासाठी त्याला बहुधा तीनेक सेकंदच मिळतात. तेवढ्यात बचावफळीची चाल ओळखून, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंमुळे विचलित न होता, मोकळा सहकारी हेरावा लागतो.

त्यामुळे संघाचे यश त्याच्यावरच अवलंबून असते, असे वाटू शकते. उदाहरणार्थ, इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१० च्या हंगामात १६ पैकी १० साखळी सामने जिंकले. पुढील वर्षी मानेच्या दुखण्यामुळे त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग एकही सामना खेळू शकला नाही आणि संघाच्या पदरी अवघे २ विजय पडले. मात्र एवढ्यावरून सारे श्रेय एकट्याला देणे अन्यायाचे ठरेल, कारण २००८ मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊनही न्यू इंग्लंड पेट्रियट्सने मॅट कॅसल या राखीव खेळाडूच्या हाती सूत्रे देऊन त्या हंगामात ११ सामने जिंकले.

खुद्द मॅनिंगचे उदाहरण याहून बोलके आहे. डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून खेळताना २०१५ च्या साखळी सामन्यांत त्याच्या फेकींवर ९ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम क्षेत्रात पोहोचवून गुण मिळवणे) झाले, तर १७ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी हिरावल्या. तरीही त्याच्या संघाने सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, २४-१० असा जिंकला आणि प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकच्या हातून दोनदा चेंडू निसटवणारा बचावपटू व्हॉन मिलर सामन्याचा मानकरी ठरला.