ऑइल ठरतं पेट्रोलवरून

सेस्नाच्या इंजिनातलं ऑइल काढायचं ते इंजिन गरम असतानाच. गार झालं की गाळ तळाशी बसतो आणि तिथंच राहतो. बारामती विमानतळावरच्या एका हँगरमध्ये हे काम जवळून पाहायला मिळालं. पुण्यात हडपसरला बिनइंजिनाची ग्लायडर विंचने ओढून वर चढवतात. इंजिनाच्या विमानावर शिकायचं म्हटलं की पुण्याची मुलं इकडे येतात.

काळपट करडी धार बादलीत पडून संपली, तसा मेकॅनिकनं जुना फिल्टर कटरवर चढवला. पत्रा गोल कापून आतला घड्यांचा कागद बाहेर काढला, पिळला, उन्हात लांब पसरला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवला. चुंबकाला कण चिकटले तर कॅम किंवा टॅपेट झिजत असण्याची शक्यता. न चिकटणारी चमक दिसली तर ॲल्युमिनियमचा संशय, म्हणजे पिस्टनकडे बघायला हवं. त्या दिवशी कागद स्वच्छ निघाला. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर हे असं चालतं. फिल्टरऐवजी नुसती जाळी असलेल्या इंजिनाला पंचवीस तासांनी.

मी विचारलं, ‘‘गाडीत आम्ही सिंथेटिक टाकतो, तुम्ही अजून मिनरलवरच कसे?’’

‘‘साहेब, आधी पेट्रोल कुठलं आहे ते बघा ना,’’ तो म्हणाला.

सगळी गोम तिथंच आहे. आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं. विमानांच्या ॲव्हगॅस १००एलएलमध्ये ते आजही असतं, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. ‘एलएल’ म्हणजे कमी शिशाचं, पण हे कमी फक्त जुन्या ॲव्हगॅसच्या मानानं. हवेनं थंड होणाऱ्या या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोकळी असते. जळलेल्या वायूबरोबर शिशाचे क्षार रिंगांवरून खाली उतरतात आणि ऑइलमध्ये मिसळतात. मिनरल ऑइल ते पोटात धरून ठेवतं आणि ऑइल बदललं की तेही बाहेर जातात. पूर्ण सिंथेटिकला ते नीट जमत नाही.

याचा धडा अमेरिकेत मिळाला. मोबिल एव्ही-१ हे विमानांसाठीचं पूर्ण सिंथेटिक ऑइल मोठ्या विश्वासानं बाजारात आलं. उष्णता सोसण्यात ते खरंच सरस होतं. पण न विरघळलेल्या शिशाचा चिकट गाळ इंजिनांत साचू लागला, इंजिनं खराब झाली, मालक कोर्टात गेले आणि १९९०च्या दशकात ते ऑइल मागे घ्यावं लागलं. शिसं जाळणाऱ्या इंजिनासाठी मधला मार्ग आहे तो अर्ध्या सिंथेटिकचा. एरोशेल १५डब्ल्यू-५० मध्ये निम्मं मिनरल असतं, ते या शिशासाठीच.

गाडीचं ऑइल चालत नाही याचं कारण निराळं. त्यात इंजिन स्वच्छ ठेवणारी धातूयुक्त द्रव्यं असतात. विमानाचं इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि त्या द्रव्यांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. म्हणून इथं राख न सोडणारं ऑइल लागतं. एरोशेल डब्ल्यू-१००च्या डब्यावरचं ‘डब्ल्यू’ तेच सांगतं. नव्या किंवा नुकत्याच ओव्हरहॉल झालेल्या इंजिनाला मात्र आधी साधं मिनरल देतात, रिंगा सिलिंडरला घासून बसेपर्यंत.

सेस्नाचं इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या तक्त्यात साधारण सोळा अंश सेल्सिअसच्या वर एसएई ४० किंवा ५० चालतं. पुणे-बारामतीकडे वर्षातले बहुतेक दिवस त्यात बसतात, त्यामुळे डब्ल्यू-१००, म्हणजे एसएई ५०, पुरेसं होतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा १५डब्ल्यू-५० सारख्या मल्टिग्रेडचा फायदा जाणवतो. माझं मत विचाराल तर रोज उडणाऱ्या विमानाला इथल्या हवेत साधं डब्ल्यू-१०० भरावं आणि वाचलेले पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात घालावेत.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून खाली जातं आणि दमट हवेत उघड्या लोखंडाला गंज चढतो. अशा वेळी नुसतं जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवणं सगळ्यात वाईट. तेवढ्यात ऑइल पुरेसं तापत नाही आणि जळण्यातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. उडता येणार नसेल तर इंजिनाला हात लावू नये. महिनाभर उभं राहणार असेल तर गंजरोधक ऑइल भरून ठेवावं.

बारामतीच्या धावपट्टीवर सेस्नाच्या बरोबरीनं टेक्नाम विमानंही उतरतात. त्यांचं रोटॅक्स ९१२ वेगळ्याच जातीचं: मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं, आणि प्रोपेलरचा वेग कमी करणारा गिअरबॉक्स इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. त्यामुळे याला गिअरचा भार सोसणारं, मोटरसायकलच्या धाटणीचं ऑइल लागतं. डिपस्टिक बघण्याआधी प्रोपेलर हातानं फिरवत राहायचा, ऑइलच्या टाकीतून ‘गुडगुड’ आवाज येईपर्यंत. तोवर ऑइल इंजिनाच्या तळाशी असतं आणि डिपस्टिक खोटं सांगते.

हे इंजिन बिनशिशाच्या पेट्रोलवर आणि सिंथेटिकवर उत्तम चालतं. पण रोटॅक्स इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच मान्य करतं, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल आहे. मग टाकीत ॲव्हगॅस भरावं लागतं, आणि त्याबरोबर शिसं परत आलं. कंपनीची सूचना अशी, की तीस टक्क्यांहून जास्त काळ ॲव्हगॅसवर उडत असाल तर पूर्ण सिंथेटिक टाळा आणि पंचवीस तासांना ऑइल बदला. प्रशिक्षणाचं विमान दिवसाला पाच तास उडालं तर पाच दिवसांत पंचवीस तास भरतात. म्हणून इथं अर्धं सिंथेटिकच घ्यावं, आणि दर खेपेला ऑइलची टाकी उघडून तळाचा करडा थर पुसून काढावा.