पुड्यावरचा उष्मांक येतो कुठून?

भांडुप स्टेशनबाहेरच्या दुकानातला बिस्किटाचा पुडा उलटा करून पाहावा. प्रथिने ७ ग्रॅम, कर्बोदके ७०, स्निग्ध पदार्थ १३ असे छापलेले असेल, तर ऊर्जा ४२५ किलोकॅलरीच्या आसपास असते. प्रथिने आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ४, स्निग्ध पदार्थांना ९, हा सरळ गुणाकार.

हे आकडे मात्र कष्टाने मिळालेले आहेत. पोलादी भांड्यात दाबाखाली ऑक्सिजन भरून वाळवलेले अन्न जाळतात आणि भोवतालचे पाणी किती तापले ते मोजतात. एक किलो पाणी एका अंशाने तापवणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. पण शरीर म्हणजे भट्टी नव्हे! प्रथिनांतली काही ऊर्जा युरियावाटे लघवीतून जाते, काही अन्न पचतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी ही घट नेटाने मोजली.

भारतीय पदार्थांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे तक्ते दिले. हे काम फार मोलाचे आहे.

वडापावचा हिशेब मात्र अवघड. वड्याने किती तेल शोषले, यावर आकडा हलतो. चमचाभर तेलाचेच जवळपास चाळीस किलोकॅलरी होतात.