विचारून घ्या, लिहून घ्या : घोडेमालकाची कायद्याची वाट

नाशिककराला घोडी घ्यायची असली की वाटा ठरलेल्या असतात. एक येवल्याच्या बाजाराकडे जाते, दुसरी तापीकाठच्या सारंगखेड्याकडे, दत्तजयंतीच्या यात्रेत. घेणारा दात पाहून वय ठरवतो, भोवरे तपासतो, चार पावले चालवून आणि मग पळवून चाल बघतो. मध्ये ओळखीचा दलाल असतो. इसार हातावर टेकवला जातो आणि लाखांचा सौदा तोंडी शब्दावर पक्का होतो. आठ दिवसांनी घोडी पुढच्या पायाने लंगडू लागली, तर कोणाला काय म्हणता येईल?

उत्तर १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात आहे. त्या काळी घोडा हेच वाहन आणि घोडा हीच दौलत होती. त्यामुळे कलमे समजावून सांगताना कायदा लिहिणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा घोड्याचीच उदाहरणे घेतली आहेत. कलम १७ फसवणुकीचे आहे. त्यातले पहिले उदाहरण घोडा घेणाऱ्याला हादरवणारे आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचे एक उदाहरण मात्र पारडे फिरवते. घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो.’ विकणारा गप्प राहिला. आता ते गप्प राहणे बोलण्याइतकेच बांधणारे आहे.

म्हणजे विचारण्याने सगळा फरक पडतो. ‘हिला पोटशूळ होतो का? लंगडण्याचा दोष आहे का? वरातीत बँडला बुजते का?’ हे चार माणसांसमोर विचारावे, आणि त्याहून बरे म्हणजे मोबाइलवर लिहून पाठवावे. लंगडणे लपवण्यासाठी बाजाराच्या दिवशी वेदनाशामक टोचून घोडी उभी केली असेल, तर ते नुसते मौन राहत नाही. दोष हेतुपुरस्सर लपवणे हे त्याच कलमाखाली फसवणुकीत येते.

तरीही घेणाऱ्याने डोळे झाकून चालत नाही. कलम १९ फसलेल्याला करार रद्द करण्याचा हक्क देते, पण त्याला अपवादही जोडते. फसवणूक मौनातून झाली असेल आणि साध्या काळजीने खरे कळण्यासारखे होते, तर तो हक्क जातो. म्हणून पैसे देण्याआधी नोंदणीकृत पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. भोवरे पाहायला आपण अर्धा दिवस घालवतो, पण खूर, गुडघे, डोळे आणि श्वास तपासायला डॉक्टर नेत नाही, याचे मला वाईट वाटते.

सौद्याची चिठ्ठी करावीच. त्यात रंग, वय, अंगावरच्या खुणा, भोवऱ्यांच्या जागा, विकणाऱ्याने सांगितलेले गुणदोष, पूर्ण किंमत, दिलेला इसार आणि ताबा कधी मिळणार हे यावे. किंमत एकच आणि स्पष्ट हवी. ‘माझा पांढरा घोडा पाचशेला किंवा हजाराला’ असा करार अनिश्चित म्हणून व्यर्थ ठरतो, हेही कलम २९ चे छापील उदाहरण आहे. नुकरा घोड्यांच्या सौद्यात ‘बघू, वरचे नंतर ठरवू’ म्हणणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे. खरेदी ‘वरातीसाठी’ आहे किंवा ‘लहान मुलांना रपेट शिकवण्यासाठी’ आहे, हेही लिहावे. वस्तुविक्री कायदा १९३० प्रमाणे घोडा ही वस्तूच आहे. घेणाऱ्याने आपले काम सांगून घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर त्या कामाला घोडा योग्य असण्याची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येऊ शकते. एका घोडीवर स्वतःच्या पोटापुरता धंदा करणारा माणूस ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, कारण स्वयंरोजगारासाठी केलेली खरेदी तो कायदा व्यापारी धरत नाही.

आता घोडी नाशिकला आणायची. सारंगखेड्याहून धुळ्यामार्गे दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला सोबत लागतो. गाभण घोडी आणि शिंगरे इतरांत मिसळून नेता येत नाहीत. मोटार वाहन नियमांनुसार गाडीत एका घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा हवी. टेम्पोत तीन घोडी दाटीवाटीने उभी करून रात्रीचा प्रवास करण्याची पद्धत मोडायला हवी. त्यात पाय मोडतात, आणि नाक्यावर पोलिसांनी अडवले की दाखवायला एकही कागद नसतो.

शहरात तबेला बांधायचा तर शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, आणि घोडी भाड्याने देण्याचा धंदा असेल तर महापालिकेचा परवाना विचारला जाणार. मोकळी सुटलेली घोडी कोणाच्या द्राक्षबागेत शिरली तर १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा लागतो. त्याच्या व्याख्येत घोडे, घोड्या, तट्टे, खेचरे, गाढवे सगळी ‘गुरे’ आहेत. घोडी कोंडवाड्यात जाते आणि दंड व चारापाण्याचा खर्च भरून सोडवावी लागते.

खरी जोखीम कामावर सुरू होते. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखालचे १९६५ चे नियम ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. तापमान ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात काम नाही. टांग्यात टांगेवाला आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारच माणसे. काटेरी लगाम किंवा खिळे असलेला साज वापरायला पूर्ण बंदी, आणि ती बंदी स्वारीच्या घोड्यालाही लागू आहे. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि लग्नाचे मुहूर्तही तेव्हाच असतात. दुपारच्या मुहूर्ताला वरात निघाली की डांबर तापलेले असते, पुढे डीजे असतो आणि पायाशी फटाक्यांची माळ. हे टाळण्याचा अधिकार मालकाकडेच आहे. भाड्याच्या पावतीवर तीन ओळी छापून घ्याव्यात : किती वेळ, किती अंतर, घोडीजवळ फटाके नाहीत. नियम मोडला तर घोडी परत नेईन आणि भाडे परत मिळणार नाही, हेही लिहावे.

कारण घोडी बुजून गर्दीत घुसली तर दोष प्रथम मालकाच्या दारी येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जखमी माणूस भरपाईचा दावा वेगळा लावू शकतो. उलट बाजूही आहे. कोणी मुद्दाम घोडी मारली किंवा जायबंदी केली तर कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडीने उडवली तर ती तुमच्या मालमत्तेची हानी ठरते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पोलीस पंचनामा, पशुवैद्याचा अहवाल आणि खरेदीची ती चिठ्ठी नसेल तर किंमत कशाने सिद्ध करणार?

१९६० च्या कायद्यातली क्रूरतेबद्दलची शिक्षा वाचून लोक निर्धास्त होतात. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड, आकडे कित्येक दशके बदललेले नाहीत. पण खरा फटका दंडाचा नसतो. जखमी पाठीच्या किंवा लंगड्या घोड्याला जुंपणे हाही त्याच कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि तक्रार आली की घोडा जप्त होऊ शकतो. खटला चालेपर्यंत तो पांजरापोळात किंवा प्राणी संस्थेत राहतो. मुद्देमाल जनावरांबाबतच्या २०१७ च्या नियमांनी त्याच्या चाऱ्याचा आणि औषधाचा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद केली आहे. शिक्षा झाली तर १९६० च्याच कायद्याच्या कलम २९ खाली मालकी हिरावून घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यासाठी घोडा महिनोन्‌महिने नसणे हीच शिक्षा आहे. म्हणून पाठीवर जखम दिसली की त्याच दिवशी काम थांबवून उपचाराचा कागद करावा. त्यात घोड्याचे भले आहे आणि मालकाचेही.

या वाटेने काय घडू शकते ते मुंबईने पाहिले. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने, मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या मुंबईत बेकायदा ठरवल्या, एक वर्षाची मुदत दिली आणि त्यावर पोट असलेल्यांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितले. घोड्यांची अवस्था आणि तबेल्यांचे परवाने हे तिथले कळीचे मुद्दे होते. तो आदेश मुंबईपुरता आहे. पण २०२६-२७ च्या सिंहस्थात मिरवणुकांसाठी घोडे लागतील, तेव्हा हेच दोन प्रश्न नाशिकच्या मालकांना विचारले जाऊ शकतात. त्यांची उत्तरे आजपासून तयार ठेवलेली बरी. घोडे नाचवण्याचा तिकीट लावून खेळ करायचा असेल, तर प्रयोग करणाऱ्या प्राण्यांच्या २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते.

रपेट शिकवणाऱ्यांनी आणि दुसऱ्याचा घोडा सांभाळणाऱ्यांनी पुन्हा १८७२ च्या करार कायद्याकडे वळावे. घोडा उधळणारा आहे हे माहीत असून न सांगता वापरायला दिला आणि स्वार पडला, तर देणारा जबाबदार : कलम १५०. घोडा फक्त स्वतःच्या रपेटीसाठी घेतला आणि घरातल्या दुसऱ्याला बसवला, त्याने नीट चालवूनही घोडा पडून जखमी झाला, तर घेणारा जबाबदार : कलम १५४. दोन्ही उदाहरणे कायद्यातच आहेत. सांभाळायला ठेवलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला परत द्यावे लागते असे कलम १६३ सांगते, म्हणजे शिंगरूही घोडीबरोबर जाते. पागेचे पैसे थकले तर घोडा अडवून ठेवता येतो का, यावर नेहमी भांडण होते. कलम १७० ज्याने कष्ट किंवा कसब लावले त्याला वस्तू रोखण्याचा हक्क देते. फिरवून तयार केलेल्या घोड्याबाबत शिक्षकाची बाजू बळकट असते. नुसते चंदी-पाणी करणाऱ्याची तितकी नसते. म्हणून करारात हा मुद्दा लेखी घ्यावा. नालबंदाचे काम खूर साळणे आणि नाल मारणे एवढेच ठेवावे. रोगनिदान आणि इंजेक्शन हा १९८४ च्या कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे.

रोगांत सर्वांत भीती ग्लँडर्सची. हा माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी आणि फुटणारे फोड ही लक्षणे. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याने पुन्हा डोके वर काढले होते. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याप्रमाणे संशय आला की मालकाने कळवणे बंधनकारक आहे. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात. रोग ठरला तर घोडा दयामरणाने संपवावा लागतो, आसपासच्या घोड्यांची हालचाल थांबते, बाजार बंद होतो. घोड्यामागे सरकारी भरपाई २५,००० रुपये, तर चांगल्या घोडीची किंमत लाखांत. या तफावतीमुळेच लोक लपवतात, आणि लपवण्याने रोग पसरतो. भरपाई बाजारभावाजवळ न्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तोवर विमा हा उपाय आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या बदलांनी मालकाच्या हप्त्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला.

शेवटी म्हातारा घोडा. तो गंगापूर रोडच्या बाजूला मोकळा सोडून देणे म्हणजे १९६० च्या प्राणी कायद्याच्या कलम ११ खाली टाकून देण्याचा गुन्हा. त्याला सांभाळायचा किंवा संस्थेच्या हवाली करून लेखी पोच घ्यायची. वेदना असह्य आणि उपाय संपलेले असतील तर पशुवैद्याच्या मताने दयामरण कायद्यात बसते. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून घ्यावे, नाहीतर विमा कंपनी दावा अडवेल. मग महापालिकेला कळवून मृतदेहाची विल्हेवाट लावावी आणि सगळे कागद त्या पहिल्या चिठ्ठीबरोबर एका पाकिटात ठेवावेत. पुढची घोडी घेताना त्याच पाकिटातला नमुना उपयोगी पडेल.