बस जाते तिथवरच

पॅराट्रान्झिट हा शब्द आपल्याकडच्या वाहतूक-अहवालांत हल्ली सर्रास भेटतो. तो वाचला की डोळ्यांसमोर वडाप उभी राहते. कोल्हापूर-सांगलीकडे वडाप, मराठवाड्यात काळीपिवळी, आणखी कुठे टमटम किंवा सहाआसनी. वेळापत्रक नाही, सीट भरल्या की निघायचे. बस येत नाही म्हणून ही गाडी येते आणि ती येते म्हणून बस आणखी रोडावते. अमेरिकेत मात्र हाच शब्द १९९० नंतर अगदी वेगळ्या अर्थाने रुळला. अपंगत्वामुळे नेहमीची बस वापरू न शकणाऱ्या माणसाला घेण्यासाठी सांगितलेल्या ठिकाणी येणारी, कायद्याने बंधनकारक केलेली सेवा म्हणजे तिकडची पॅराट्रान्झिट. ऐकताना वाटते की ही बसपासून स्वतंत्र, बसला पर्याय असलेली व्यवस्था असणार. या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे. घरपोच गाडी ही नेहमीच्या बसची सावली आहे. बस जिथवर जाते तिथवरच ती जाते. त्यामुळे अपंग माणसाच्या प्रवासाची खरी लढाई साध्या, सगळ्यांच्या बससाठीच लढावी लागते. हे पडताळून पाहायला अॅन आर्बर हे अमेरिकेतले एक मध्यम शहर फार उपयोगी आहे, कारण घरपोच गाडीचा प्रयोग तिथे आधी सगळ्यांसाठी झाला आणि नंतर अपंगांसाठी.

अॅन आर्बर मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पश्चिमेला आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १,२३,८५१ भरली. मिशिगन विद्यापीठ १८३७ पासून या गावात आहे आणि गावाची निम्मी ओळख त्या विद्यापीठाचीच आहे. अशा गावात गाडी नसलेली माणसे कायम असतात. विद्यार्थी असतात, विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात येणारे रुग्ण असतात, नोकरीतून निवृत्त झाल्यावर गाव न सोडलेले वृद्ध असतात. मुलांकडे सहा महिने राहायला गेलेले आपले आईवडीलही याच गटातले. ज्यांना तिकडे गाडी चालवता येत नाही, त्यांच्यासाठी घराजवळचा बसथांबा म्हणजे मुलाच्या सुटीची वाट न पाहता घराबाहेर पडण्याची एकमेव सोय. मोटारीच्या देशातही बस टिकायची असेल तर ती अशाच गावात टिकेल.

शहराचे वाहतूक प्राधिकरण १९६९ मध्ये स्थापन झाले. १९७१ मध्ये राज्य सरकार आणि फोर्ड मोटर कंपनी यांच्या साथीने तिथे 'डायल-अ-राइड' नावाचा प्रयोग सुरू झाला. फोन करायचा, कुठून कुठे जायचे ते सांगायचे. मध्यवर्ती कचेरीतला माणूस रस्त्यावरच्या व्हॅनला रेडिओवरून पत्ता कळवणार आणि व्हॅन दाराशी येणार. वाटेत आणखी दोघा-तिघांना घेणार, कुणाला उतरवणार. ज्या राज्यात मोटारीचा उद्योग वाढला, तिथे ही कल्पना लोकांना मनापासून आवडली. एप्रिल १९७३ मध्ये शहराने मतदान करून मालमत्तेवर २.५ मिलचा कर स्वतःवर लावून घेतला. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. या पैशांतून 'टेलट्रॅन' या नावाने घरपोच व्हॅन आणि ठरलेल्या मार्गावरच्या बस यांची सांगड घालून सेवा शहरभर नेण्यात आली.

पुढे जे झाले ते कुणाच्या गैरकारभारामुळे झाले नाही. ते गणितामुळे झाले आणि ते गणित आजही बदललेले नाही. ठरलेल्या मार्गावरच्या बसमध्ये वीसऐवजी चाळीस माणसे चढली तर खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि दरडोई निम्मा होतो. घरपोच व्हॅनचे तसे नाही. प्रत्येक नवा प्रवासी म्हणजे एक नवे वळण, एक नवी गल्ली, दाराशी थांबण्याची आणखी दोन-तीन मिनिटे. प्रवासी वाढले की आधीच बसलेल्यांचा प्रवास लांबतो. तो लांबू नये म्हणून व्हॅन वाढवाव्या लागतात आणि प्रत्येक व्हॅनमागे एक चालक लागतो. म्हणजे लोकप्रियता हेच या सेवेचे संकट. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीने १९७४ च्या अखेरीस अख्ख्या काउंटीसाठी अशी सेवा सुरू केली. फोन इतके आले की यंत्रणा कोलमडली आणि काही महिन्यांतच ती गुंडाळावी लागली. अॅन आर्बरने असा धक्का न खाता हळूहळू पाऊल मागे घेतले. दिवसाची सर्वसाधारण घरपोच सेवा आकसत गेली आणि तिच्या जागी नेहमीचे मार्ग आले. लोकांनी कर दिला होता तो दाराशी येणाऱ्या व्हॅनसाठी. पण त्या कराने शेवटी उभी राहिली ती कोपऱ्यावरच्या थांब्यावर येणारी बस, आणि शहराच्या दृष्टीने हेच बरे झाले असे मला वाटते. अॅपवरून बोलावायच्या छोट्या गाड्यांना 'मायक्रोट्रान्झिट' असे नवे नाव देऊन आज बसच्या जागी त्या आणण्याचे प्रस्ताव मांडले जातात. ते मांडणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. अॅपमुळे फोन उचलणारा माणूस वाचतो. दाराशी जाणारी मिनिटे वाचत नाहीत.

मग जो थांब्यापर्यंत जाऊ शकत नाही, त्याचे काय? इथे दुसरी कहाणी सुरू होते आणि तिची मुळेही विद्यापीठांच्या गावांतच आहेत. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यांतले बरेच जण दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. पुढच्या दशकात त्या आवारात लिफ्ट बसवलेल्या बस धावू लागल्या. १९७२ मध्ये बर्कलीत आणि १९७६ मध्ये अॅन आर्बरमध्ये अपंगांनी स्वतः चालवलेली स्वावलंबी जीवन केंद्रे उभी राहिली. जुलै १९७८ मध्ये डेन्व्हरच्या मध्यवर्ती चौकात १९ अपंग आंदोलकांनी दोन बस अडवल्या आणि रात्रभर तिथेच ठिय्या दिला. १२ मार्च १९९० रोजी आंदोलक खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या रांगत चढले. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या समान हक्कांचा कायदा झाला. या माणसांनी वेगळ्या गाडीची मागणी केली नव्हती. त्यांना सगळ्यांच्या बसमध्ये चढायचे होते.

म्हणूनच कायद्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिली अट बसची. २५ ऑगस्ट १९९० नंतर सार्वजनिक सेवेसाठी मागवलेली प्रत्येक नवी बस चाकाच्या खुर्चीला आत घेणारी हवी. पॅराट्रान्झिट तिच्यानंतर येते, तीही 'पूरक' या विशेषणासह. नियमांनुसार नेहमीच्या बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलाच्या, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सेवा द्यावीच लागते. ज्या दिवशी आणि ज्या वेळांत त्या मार्गावर बस धावते, त्याच दिवशी आणि त्याच वेळांत. भाडे त्याच अंतराच्या बसभाड्याच्या दुपटीहून जास्त नको. अॅन आर्बरमध्ये बसचे तिकीट दीड डॉलर आहे, म्हणजे घरपोच गाडीसाठी तीन डॉलर ही कमाल मर्यादा. आदल्या दिवशी नोंदवलेली फेरी नाकारता येत नाही. वेळ मागेपुढे करायची तर एका तासाच्या आतच. दवाखान्याला हो आणि सिनेमाला नाही, असा भेद करता येत नाही. सोबत मदतनीस असेल तर त्याचे तिकीट नाही. ही सगळी कलमे वाचताना लक्षात येते की प्रत्येक कलमाचे माप बसवरून घेतलेले आहे. अंतर बसचे, वेळ बसची, भाडे बसचे. म्हणजे उद्या रविवारची बस बंद झाली, तर त्या पट्ट्यातल्या घरपोच गाडीचा रविवारचा कायदेशीर आधारही गेला. एखादा मार्ग रद्द झाला, तर त्या बाजूला राहणारी खुर्चीतली व्यक्ती एका ठरावाने पट्ट्याबाहेर पडते. एखादी संस्था स्वेच्छेने जास्त देऊ शकते आणि काही देतातही. हक्क मात्र बसपाशीच संपतो.

अॅन आर्बरची बस टिकली यात विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. ऑगस्ट २००४ पासून विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे भाडे प्राधिकरणाला एकत्रित देते. ओळखपत्र यंत्रावरून फिरवले की प्रवास झाला. निरोगी, तरुण, हजारो प्रवासी असे रोज बसमध्ये चढतात, म्हणून त्या मार्गावर वारंवार बस सोडणे परवडते. त्या फेऱ्यांच्या सावलीत कोपऱ्यावरच्या घरातल्या वृद्ध बाईंचा हक्क शाबूत राहतो, जरी त्या कधीच त्या बसमध्ये चढल्या नाहीत तरी. मतदारांनाही हे पटलेले दिसते. मे २०१४ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी बससाठीचे वाढीव कर मंजूर केले. दुसऱ्या वेळचा दर २.३८ मिल होता.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१० साली पॅराट्रान्झिटच्या एका फेरीला सरासरी २९.३० डॉलर खर्च आला आणि नेहमीच्या बसच्या एका फेरीला ८.१५ डॉलर. म्हणजे साडेतीनपट. या आकड्यांवरून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला असा, की ही चैन आहे, आवरा. दुसरा, की ते काम उबर, लिफ्ट अशा अॅपवरच्या टॅक्सी-कंपन्यांवर सोपवा. बॉस्टनच्या एमबीटीए या वाहतूक संस्थेने २०१६ पासून नोंदणीकृत अपंग प्रवाशांना अशा टॅक्सीसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली आणि ऐनवेळी निघता येते म्हणून अनेकांना ते सोयीचे वाटते. ती जोड म्हणून चांगली आहे, जागा घेणारी म्हणून नाही. साध्या मोटारीत विजेवर चालणारी जड खुर्ची चढत नाही. शिवाय चढायला वेळ लागणाऱ्या प्रवाशांकडून थांबण्याचे शुल्क घेतल्याबद्दल अमेरिकी न्याय खात्याला २०२१ मध्ये उबरवर खटला भरावा लागला होता. तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. खर्च कमी करण्याचा सरळ मार्ग तिसराच आहे. ज्याला बस वापरता येण्याजोगी आहे, त्याच्यासाठी ती खरोखर वापरण्याजोगी करायची. तो बसने गेला की २९ डॉलरच्या जागी आठ डॉलर लागतात, आणि त्याला आदल्या दिवशी फोन करून परवानगी मागितल्यासारखे निघावे लागत नाही.

वापरण्याजोगी म्हणजे काय, ते जवळून पाहिले पाहिजे. बस थांब्याला लागते, चालक एक कळ दाबतो आणि हवेच्या दाबावर उभी असलेली गाडी दाराच्या बाजूने खाली झुकते. दारातली घडीची फळी उलटून पदपथावर टेकते. खुर्ची आत जाते, पुढच्या बाजूची आसने उचलून केलेल्या जागेत उभी राहते, चारही बाजूंनी पट्टे लागतात. एरवी यात कुणी उचलून ठेवण्याची गरज पडत नाही. पण फळी एक दिवस अडकली तर? त्यासाठीही नियम आहे. लिफ्ट किंवा फळी बिघडली आणि चढता येईल अशी पुढची बस तीस मिनिटांच्या आत नसेल, तर त्या प्रवाशाला दुसऱ्या वाहनाने पोहोचवणे ही संस्थेची जबाबदारी. मला या संपूर्ण कायद्यातले हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते, कारण यंत्र बिघडणार हे गृहीत धरून ते लिहिलेले आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि त्याच्या कलम ४१ मध्ये वाहतुकीची सुगमता आहे. १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसने, हातकठडे, कुबड्या ठेवण्याची सोय, चाकाची खुर्ची आत घेऊन जखडण्याची व्यवस्था यांसाठी मोटार वाहन नियम लागू झाले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचा मुख्य नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा बंधन घालतो आणि नियम नुसत्या मार्गदर्शक सूचना देतो, हे चालणार नाही, असा त्याचा आशय होता. तरी आपल्या कायद्यात एक दुवा नाही. बसमध्ये चढता आले नाही तर त्याऐवजी काय द्यायचे, याचे बंधन कुणावर नाही. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण शहरी बससाठीच्या केंद्रीय निकषांत जमिनीपासून तळाची उंची लो-फ्लोअर बसला ४०० मिलिमीटर, सेमी-लो-फ्लोअरला ६५० आणि साध्या बसला ९०० आहे. नऊशे मिलिमीटर म्हणजे जवळपास तीन फूट. ज्याला ते चढताच येत नाहीत, त्याला सवलत कागदावरच मिळते.

यावर म्हटले जाईल की आमच्याकडे पदपथ नाहीत, पैसे नाहीत, आणि घरचे लोक नेतातच की. पदपथ नाहीत हे खरे, पण ते बसच्या जोडीनेच होतात. थांबा पक्का करताना त्याच्या दोन्ही बाजूंचे शंभर पावलांचे फरसबंदीचे काम त्याच निविदेत घालता येते. पैशांचा मुद्दा घरपोच सेवेला लागू पडतो, तळाच्या उंचीला तितका नाही. नवी बस घ्यायचीच असते तेव्हा प्रश्न फक्त कोणती घ्यायची एवढाच उरतो. एकदा घेतलेली बस दहा-बारा वर्षे रस्त्यावर राहते, त्यामुळे एका खरेदीतली चूक एका मुलाच्या पहिलीपासून बारावीपर्यंत पुरते. आणि घरचे लोक नेतात, याचा अर्थ घरातले एक माणूस कामावरून सुटी घेते. बहुतेक वेळा ती बाई असते. तो खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, एवढेच. वडापवाल्यांना यातून हटवावे असेही नाही. त्यांच्यामुळेच अनेक वस्त्या शहराशी जोडलेल्या आहेत. पण सीट भरेपर्यंत थांबणाऱ्या गाडीला खुर्चीतला प्रवासी म्हणजे दोन-तीन सीटचा तोटा. तो तोटा सोसण्याचे बंधन बाजार कधीच स्वतःहून घेणार नाही. ते सार्वजनिक बसनेच घ्यावे लागेल.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि महापालिकेची केएमटी ही दोन्ही १९६२ पासूनची. नाशिकमध्ये महापालिकेने २०२१ मध्ये सिटीलिंक सुरू केली. विद्यार्थ्यांचे भाडे विद्यापीठाने एकत्र भरून फेऱ्या वाढवून घ्याव्यात, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनाही करता येण्यासारखी आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या शहरात पुढच्या वेळी बस खरेदीची निविदा निघेल तेव्हा ती मागून घ्या आणि तीन गोष्टी शोधा. तळाची उंची किती मिलिमीटर लिहिली आहे, फळी रोज तपासण्याची जबाबदारी कुणावर टाकली आहे, आणि ती बंद पडली तर थांब्यावरच्या माणसाला कोण आणि किती वेळात नेणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर हरकत नोंदवण्याच्या मुदतीत ती लेखी नोंदवा.