परसातील लहान कुऱ्हाड

घरामागे चार झाडे असली की वर्षातून दोनचार वेळा कुऱ्हाडीची गरज भासतेच. पावसाळ्याच्या तोंडी एखादी वाळलेली फांदी उतरवावयाची असते, कुंपणाच्या खुंटांना टोक काढावयाचे असते, बंबासाठी लाकडे फोडावयाची असतात. एवढ्या कामासाठी भारी किमतीचे हत्यार घेण्याचे कारण नाही. मात्र काटकसर कोठे चालते आणि कोठे ती अंगाशी येते, हे ओळखावयास हवे.

पहिला विचार वजनाचा. एका हाताने चालवावयाच्या कुऱ्हाडीस ५०० ते ७०० ग्रॅमचे पाते आणि ३५ ते ४० सेंटिमीटरचा दांडा पुरतो. पाते याहून जड असल्यास सवय नसलेला हात लवकर थकतो आणि घाव वाकडा पडतो. केवळ ओल्या, कोवळ्या फांद्या छाटावयाच्या असतील, तर कोयताच बरा.

दुसरा विचार पोलादाचा. मऊ लोखंडाची धार पहिल्याच गाठीवर वळते. फार कडक पात्याचा टवका उडतो. दुकानदाराची अनुमती घेऊन धारेजवळ कानस हलकेच फिरवून पाहावी. ती बेताने लागावी. सहज खोल शिरू नये आणि काचेवरून जावी तशी निसटूही नये. मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून लोहाराने घडविलेली कुऱ्हाड ओबडधोबड दिसते. परंतु तिला पाणी नीट दिलेले असेल, तर ती चांगली धार धरते. चकाकी नसणे किंवा नव्या पात्यास धार कमी असणे, हे दोष क्षम्य होत. धार घरी दगडावर लावता येते.

तिसरा विचार दांड्याचा, आणि खरी पारख येथेच आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे म्हणतात. सदोष दांडा मात्र गोताला सोडून धन्यावरच उलटतो. ऐन घावात पाते निसटले, तर ते समोर उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावरही जाऊ शकते. म्हणून बाभूळ किंवा धावडा यांसारख्या चिवट लाकडाचा, सरळ रेषांचा, बिनगाठीचा दांडा पाहावा. रंगविलेला दांडा टाळावा. रंगाखाली भेगा झाकल्या जातात. पात्याच्या नेढ्यात लाकूड पूर्ण भरलेले आणि पाचर घट्ट बसलेली असावी. दांडा धरून पाते हलवून पाहावे. किंचित जरी डळमळले, तरी ती कुऱ्हाड परत ठेवावी.

घरी आणल्यावरही ही परीक्षा संपत नाही. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ग्वाल्हेर-इंदूरकडील कोरड्या उन्हाळ्यात तर अधिकच. जूनमध्ये घट्ट असलेले पाते एप्रिलमध्ये सैल झालेले असू शकते. अशा वेळी कित्येक जण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. त्याने पाते तात्पुरते आवळते. पण फुगलेल्या लाकडाचे तंतू नेढ्यात दाबले जातात आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही सैल होते. नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय. दांड्यास अधूनमधून जवसाचे तेल चोळावे आणि पाते पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवावे.

दरवेळी काम आरंभण्यापूर्वी पाते एकदा हलवून पाहावे आणि मुलांना दूर पाठवावे. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. त्या चुकल्या, तर भारी किमतीची कुऱ्हाडही पायावर यावयास वेळ लागत नाही.