इंजिन ऑइल फिल्टरची गुणवत्ता व विश्वासार्हता : मूल्यमापनाचे निकष

प्रस्तावना :
शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या निर्मितीतून कोल्हापूरचा यंत्रउद्योग वाढला. पुढे शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथे ओतकामाचे आणि वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. पिस्टन व बेअरिंग यांचीही निर्मिती या परिसरात होते. मात्र या भागांचे आयुष्य ज्या अल्पमोली वस्तूवर अवलंबून असते, त्या ऑइल फिल्टरची निवड बहुधा किंमत आणि वेष्टन पाहूनच केली जाते. प्रस्तुत लेखात या निवडीचे शास्त्रीय निकष स्पष्ट केले आहेत.

फिल्टरचे कार्य :
बेअरिंग व शाफ्ट यांमधील तेलाचा थर भाराखाली काही मायक्रॉन इतकाच उरतो. या थराच्या जाडीएवढे कण सर्वाधिक झीज घडवितात. असे कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. गळीत हंगामात शेतरस्त्यांवर राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हवेच्या फिल्टरमधून निसटलेली धूळ पोहोचते; तिच्यातील सिलिका धातूस घासते. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ४० मायक्रॉनच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज ५० टक्के, तर १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्के कमी झाल्याचे आढळले.

गुणवत्तेचे निकष :
१) गाळणक्षमता : ‘२० मायक्रॉनचा फिल्टर’ हे विधान अपुरे आहे; त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे सांगितले पाहिजे. आय.एस.ओ. ४५४८ या मानकाच्या १२ व्या भागानुसार प्रमाणित धूळ मिसळलेले तेल फिल्टरमधून पुनःपुन्हा फिरवून आधीचे व नंतरचे कण मोजतात. या दोन संख्यांचे गुणोत्तर म्हणजे ‘बीटा’. बीटा २० म्हणजे ९५ टक्के, तर बीटा ७५ म्हणजे सुमारे ९८.७ टक्के क्षमता. हा फरक किरकोळ भासतो. परंतु १००० कणांपैकी पहिल्यातून ५० कण निसटतात, दुसऱ्यातून केवळ १३.
२) धारणक्षमता : फिल्टर तुंबण्यापूर्वी किती धूळ साठवितो, हे येथे पाहतात. बारीक गाळणारा परंतु लवकर तुंबणारा फिल्टर उपयोगाचा नाही.
३) बायपास व्हॉल्व्ह : फिल्टर तुंबल्यास किंवा थंडीत तेल घट्ट झाल्यास हा व्हॉल्व्ह उघडतो व न गाळलेले तेल इंजिनास मिळते. तो ठरलेल्या दाबापूर्वी उघडल्यास उत्तम कागदही निष्फळ ठरतो.
४) परतप्रवाहरोधक व्हॉल्व्ह : इंजिन बंद असताना तेल फिल्टरमध्ये टिकवून ठेवण्याचे काम ही रबरी चकती करते. ती कडक झाल्यास इंजिन सुरू होताना तेलाचा दाब उशिरा येतो.

प्रत्यक्ष तपासणी व तिच्या मर्यादा :
वापरलेला फिल्टर कापून पाहिल्यास फाटलेला कागद, सुटलेला डिंक, सैल स्प्रिंग हे दोष दिसतात. परंतु घड्यांची संख्या किंवा पत्र्याची जाडी यांवरून गाळणक्षमता सिद्ध होत नाही. तसेच एक नमुना चांगला निघाला म्हणून सर्व उत्पादन चांगले ठरत नाही; प्रत्येक खेपेत तीच गुणवत्ता टिकणे म्हणजे विश्वासार्हता होय.

निष्कर्ष :
कापून केलेली तपासणी सदोष फिल्टर ओळखू शकते. उत्तम फिल्टर सिद्ध करू शकत नाही. म्हणून ग्राहकाने इंजिननिर्मात्याने सुचविलेला क्रमांक, चाचणीच्या मानकाचा उल्लेख, पक्की पावती आणि ठरलेल्या मुदतीत बदल यांवर भर द्यावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अशी तुलनात्मक चाचणी विद्यार्थी-प्रकल्प म्हणून हाती घेतल्यास स्थानिक गॅरेजचालक व वाहनधारक यांना तिचा थेट लाभ होईल.