विश्लेषण : देशभरातली घरे एकाच टेकडीवर... स्टॉकहोमचे ‘स्कान्सेन’ काय आहे?

स्टॉकहोमला गेलात, तर एक दिवस युर्गोर्डेन बेटासाठी ठेवा. शहराच्या मध्यातून ७ क्रमांकाची ट्राम ‘स्कान्सेन’पाशी सोडते. टेकडीवर चालणे भरपूर, त्यामुळे पायात चांगले बूट हवेत.

सुरुवात कशी झाली?
आर्टुर हॅझेलियस यांनी १८९१ मध्ये हे खुले संग्रहालय सुरू केले. कारखानदारीमुळे स्वीडनची खेडी झपाट्याने बदलत होती. नुसती भांडीकुंडी आणि कपडे जपून भागणार नाही, ज्या घरात ती वापरली जात तेही हवे, असा त्यांचा विचार होता.

घरे हलवली कशी?
ओंडक्यांच्या घरांत कोपऱ्यांना खाचा पाडून लाकडे एकमेकांत अडकवलेली असतात. त्यामुळे ती खुणा करून सुटी करता येतात आणि त्याच क्रमाने पुन्हा उभारता येतात. अशा पद्धतीने आणलेल्या घरांसह इथे सुमारे १५० वास्तू आहेत. १९१६ मध्ये आणलेल्या सेग्लोरा चर्चमध्ये आजही लग्ने लागतात.

यात हरवते काय?
वास्तू वाचते; शेत, पाणवठा, शेजार मात्र मागे राहतो. मोरा आणि दक्षिणेकडचा स्कोने यांत शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. इथे तिथली घरे काही मिनिटांच्या चालीवर आहेत.

मग योग्य काय?
१९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार वास्तू जागेवरच जपावी. ती वाचवण्यासाठी गरजेचेच असेल तर हलवावी. म्हणजे स्थलांतर हा शेवटचा उपाय. स्कान्सेनमधल्या प्रत्येक घराबाहेरचा फलक म्हणूनच वाचावा : ते मूळचे कुठले, हे तिथेच कळते.